संत्र्याची साल खाणारी अळी : आधी ताण तोडा, मग खोडाकडे वळा

प्रश्न : आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी) पाणी बंद ठेवून बागेला दिलेला ताण विहिरीने दगा दिल्यामुळे लांबला. आता खोडावर जाळी व भुसा दिसतो, शेंडे वाळत आहेत आणि काही झाडे उभीच वाळली. कृषी केंद्राच्या औषध विक्रेत्याने सर्व झाडांवर दुप्पट मात्रेची फवारणी करण्यास सांगितले आहे. करावी काय? (नागपूर जिल्ह्याच्या काटोल व कळमेश्वर तालुक्यांतील संत्रा बागायतदार)

उत्तर : करू नये. आपण ज्याला भुसा म्हणता तो अळीची विष्ठा व सालीचे कण रेशमी धाग्यांत गुंफून तयार झालेला आडोसा असून, त्याखाली ती रात्री साल खाते आणि दिवसा फांद्यांच्या बेचक्यातील छिद्रात दडून बसते. पानांवर मारलेले औषध त्या छिद्रात पोहोचत नाही; फुलोऱ्यावर येणाऱ्या मधमाश्या तेवढ्या मरतात. मात्रा दुप्पट केल्याने विक्रेत्याचे बिल दुप्पट होते, एवढाच काय तो फरक पडतो.

छिद्रात घालण्यासाठी अजूनही कोणी डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाची बाटली पुढे केली तर ती घेऊ नका. 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विदर्भात तरी पुन्हा सांगण्याची गरज पडू नये.

मूळ दुखणे पाण्याचे आहे. उदाहरण पाइनचे घ्या. त्याच्या झाडात पाणी असेल तर सालीत शिरणाऱ्या भुंग्याला ते राळ सोडून बाहेर ढकलते. दुष्काळात राळ आटते आणि भुंगे झाड संपवतात. कॅलिफोर्नियात 2012 ते 2016 च्या दुष्काळात अशीच कोट्यवधी झाडे गेली. संत्र्यात कीड वेगळी आहे, पण तहानलेल्या झाडाला सालीची जखम भरून काढता येत नाही, हे सूत्र तेच. 2019 च्या उन्हाळ्यात काटोल-नरखेडकडे वाळलेल्या बागा आठवा. ज्याच्या विहिरीला पाणी कमी आहे, त्याने ताण लांबवून बहाराचा जुगार खेळू नये. यंदा फळे कमी घ्यावीत आणि झाड वाचवावे.

आता खोडाकडे. जाळी खराट्याने साफ करा, छिद्रात सायकलचा स्पोक किंवा बारीक तार खोलवर फिरवून अळी मारा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवा आणि तोंड चिखलाने लिंपा. त्या वेळी जवळपास विडी पेटवू नका. तार बाहेर काढल्यावर टोकाला ओलसर चिकटा लागला, तर अळी सापडली असे समजावे. तार कोरडी आली तर पुन्हा फिरवावी. बांधावरचा पेरू, बोर व शेवगाही तपासा, कारण अळी तेथेही पोसते.

वेळ चुकवू नका. पतंग पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालतात आणि अळी वर्षातील नऊ-दहा महिने झाडातच राहते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती लहान असतानाच पहिली फेरी करावी आणि जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी. मे महिन्यात अळी कोषात गेल्यावर केलेली फवारणी म्हणजे पैशाची नासाडी आहे.

माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. तोडणीनंतर सल (वाळलेल्या फांद्या) काढून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे (1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीतच). तयार डबा घेण्यापेक्षा हे घरी करणे स्वस्त पडते. आणि झाडाभोवतीच्या आळ्यात खोडापासून वीतभर जागा सोडून गव्हांडा (गव्हाचा भुसा) किंवा सोयाबीनच्या कुटाराचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. ठिबकचे थोडे पाणीही त्याखाली टिकते.

ठिबक व शेततळ्याच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा. कागदपत्रे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारावीत.

पूर्ण वाळलेली झाडे मुळासकट काढून लगेच बागेबाहेर न्यावीत. सरपण म्हणून ती बांधावर रचून ठेवू नयेत. त्या ढिगातील कीड पुन्हा आपल्याच बागेत येते.