सिलिंडर लवकर का संपतो?

प्रश्न : वनस्पतींच्या मत्स्यटाकीला २ किलोचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडला आहे. सेकंदाला २ बुडबुडे, रोज ८ तास. तरी महिन्याभरात रिकामा! रात्री सगळ्या जोडांना साबणाचे पाणी लावून पाहिले, फेस आला नाही. दाबाचा काटाही शेवटच्या एक-दोन दिवसांपर्यंत जागचा हलला नव्हता. मग गॅस गेला कुठे?

आधी हिशेब करू. ८ तासांत ५७,६०० बुडबुडे होतात. एक बुडबुडा ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर रोज सुमारे २.९ लिटर, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम गॅस लागतो. बुडबुडे दुपटीने मोठे असले तरी सिलिंडर सहा महिने पुरायला हवा. तेव्हा गळती आहेच.

काट्यावर विसंबू नका. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो : २० अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार. काटा खाली येतो तो द्रव संपल्यावरच. त्यापेक्षा आठवड्याला एकदा सिलिंडरचे वजन करा.

साबण रात्री लावलात, तेव्हा टायमरने सॉलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बंद केलेला असणार. त्याच्या पुढच्या जोडांत त्या वेळी दाबच नसतो, मग फेस कुठून येणार? गॅस चालू असताना पुन्हा पाहा. भांडी घासायच्या लिक्विडचा १ भाग आणि पाण्याचे १० भाग घ्या, ब्रशने लावा आणि प्रत्येक जोडापाशी दोन-तीन मिनिटे थांबा. बारीक गळतीचा फेस सावकाश फुगतो. सॉलेनॉइडच्या कॉइलवर मात्र पाणी नको.

तरीही सापडले नाही, तर गळती कोणत्या भागात आहे ते आधी ठरवा. सॉलेनॉइड चालू ठेवून निडल व्हॉल्व्ह (बुडबुड्यांचा वेग ठरवणारा बारीक व्हॉल्व्ह) बंद करा, रेग्युलेटरवर (सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या साधनावर) नेहमीचा दाब ठेवा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करून दोन्ही काट्यांचे आकडे लिहून ठेवा. आता व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये अगदी थोडा गॅस कोंडलेला असतो, त्यामुळे जरा गळती असली तरी मोठ्या दाबाचा, म्हणजे सिलिंडरकडचा काटा काही तासांत उतरतो. उतरला, तर हीच चाचणी सॉलेनॉइड बंद ठेवून करा. या वेळी काटा स्थिर राहिला, तर दोष सॉलेनॉइडच्या पुढे आहे. या वेळीही उतरला, तर आधी रेग्युलेटर सिलिंडरला जोडणाऱ्या नटमधल्या वॉशरवर (गॅस अडवणाऱ्या चकतीवर) संशय घ्या. खोलीचे तापमान दोन्ही वेळा सारखे हवे, नाहीतर गारव्याने उतरलेला काटा गळती वाटतो. एक मेख आहे : काही निडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतच नाहीत. बबल काउंटरमध्ये (बुडबुडे मोजायच्या पाण्याच्या भांड्यात) बुडबुडे येत राहिले, तर काटा उतरणारच.

प्रश्न : नटच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, तरी गळते. आणखी वेढे द्यावेत का?

नकोत, आहेत तेही काढा. तिथे आटे फक्त ओढून धरतात, गॅस अडवतो तो वॉशर. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दोन्ही काटे शून्यावर येऊ द्या, मगच नट सोडवा. दोन्ही बाजूंचे तोंड कोरड्या फडक्याने पुसा, नवा वॉशर बसवा आणि पान्याने आवळा. नायलॉनचा किंवा फायबरचा वॉशर एकदा दबला की त्याच जागी पुन्हा नीट बसत नाही. म्हणून प्रत्येक भरणीला नवा घ्यावा.

टेप लागते ती निमुळत्या आट्यांना, उदाहरणार्थ रेग्युलेटर आणि सॉलेनॉइड यांच्यामधल्या जोडाला. आवळण्याच्याच दिशेने तीन वेढे द्या, पहिला आटा मोकळा ठेवा. टेपचा तुकडा आत गेला की निडल व्हॉल्व्हचा तंतोतंतपणा संपलाच समजा. असा जोड आवळल्यावर किंचित उलटा फिरवला तरी पकड सुटते, तेव्हा खोलून नवी टेप लावावी.

प्रश्न : जोड सगळे ठीक, तरी डिफ्यूझरपर्यंत (गॅस बारीक बुडबुड्यांनी टाकीत सोडणाऱ्या साधनापर्यंत) गॅस कमी पोहोचतो. नळी सिलिकॉनची आहे.

नळीच कारण असू शकते. सिलिकॉनच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड झिरपतो आणि अशा झिरपण्याला साबणाचा फेस येत नाही. पॉलियुरेथेनची नळी घ्या, टोक ब्लेडने सरळ कापा आणि लांबी गरजेपुरतीच ठेवा.

नळी बदलताना बबल काउंटरची ओ-रिंगही (झाकणातली रबरी कडी) पाहा. चपटी झाली किंवा तडकली असेल तर बदला आणि झाकण हातानेच आवळा, कारण पान्याने अॅक्रिलिकला चीर जाते. चेक व्हॉल्व्ह (गॅस एकाच दिशेने जाऊ देणारा) काढून दोन्ही बाजूंनी फुंका. हवा बाणाच्या दिशेनेच जायला हवी. उलटी जात असेल, तर टाकीचे पाणी मागे येऊन सॉलेनॉइड गंजवेल.

प्रश्न : बंद खोलीत गळती झाली तर धोका आहे का?

आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि त्याला वास नसतो. डोके दुखू लागले, धाप लागली, तर आधी बाहेर पडा. दारे-खिडक्या उघडून खोली हवेशीर झाल्यावरच व्हॉल्व्ह बंद करायला आत जा. सिलिंडर उभा बांधून ठेवा. आडवा असला, तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. व्हॉल्व्हवरच्या सुरक्षा-चकतीतून (दाब फार वाढला तर फुटून गॅस सोडणारी चकती) गळत असेल, तर ती बुजवू नका. सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवा आणि दुरुस्ती भरणी करणाऱ्याकडूनच करून घ्या.