वजन उतरवणारी गोळी चालते का?

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा तालमीत सराव करतो. निवड चाचणीत त्याला ५५ किलो गटात उतरायचे आहे, पण वजन ५७ किलोच्या आसपास आहे. ‘आदल्या रात्री लघवीची गोळी घेतली की वजन बसते, ती ताकदीची गोळी नसल्याने डोपिंगमध्ये धरत नाहीत,’ असे थोरले पैलवान सांगतात. हे खरे आहे का?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : त्या गोळीने ताकद येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे खरे आहे. फ्युरोसेमाइडसारखी लघवीची औषधे जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, यादीत असून ती केवळ स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, तर बारा महिने निषिद्ध आहेत. लघवी पातळ करून इतर औषधांचा माग पुसण्यासाठीही त्यांचा वापर होतो, म्हणून हा नियम इतका कडक आहे.

या गोळीने चरबी तसूभरही घटत नाही. रातोरात उतरलेले दोन किलो म्हणजे शरीरातून गेलेले जवळपास दोन लिटर पाणी असते, आणि त्याबरोबर सोडियम-पोटॅशियमही जाते. रक्तातील पाणी आटल्यामुळे हृदयाला तेच काम अधिक ठोके देऊन करावे लागते, घाम नीट न आल्याने अंग तापते, पायात गोळे येतात आणि पोटॅशियम फार घसरले तर हृदयाची लय बिघडू शकते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वजन कुस्तीच्या दिवशी सकाळीच होते, त्यामुळे गेलेले पाणी भरून काढायला पुरेसा वेळ मिळत नाही; काट्यावर बसलेला मल्ल दुसऱ्या फेरीत दमाला कमी पडतो तो यामुळेच. गोळी न घेता, निव्वळ घाम गाळून पाणी तोडणेही निर्धोक नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अशाच प्रयत्नात महिन्याभराच्या आसपास तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले, तेव्हा कुठे तेथील नियम बदलले.

‘मला माहीत नव्हते’ हा बचाव सहसा टिकत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी स्टेरॉइड सापडले. कोणीतरी ते आपल्या आहारात मिसळले, हे त्यांचे म्हणणे नाडाने, म्हणजे भारताच्या राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेने, मान्य केले होते. मात्र वाडाच्या अपिलावर क्रीडा लवादाने ते न स्वीकारता चार वर्षांची बंदी घातली. अल्पवयीन खेळाडूला शिक्षेत सवलत मिळू शकते, पण तो भरवसा धरून गोळी घेऊ देणे, माझ्या मते, पालकाला शोभणारे नाही. दम वाढावा म्हणून काही ठिकाणी टोचले जाणारे मेफेन्टरमिनही स्पर्धेत निषिद्धच आहे. ते मुळात भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरण्याचे औषध आहे.

वाढत्या वयाच्या मुलाने ६० किलो गटात खेळावे, असे मी वस्तादांना स्पष्ट सांगेन. गोळी आधीच घेतली गेली असेल आणि छातीत धडधड, चक्कर किंवा गोळे येत असतील, तर सराव त्वरित थांबवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि गोळीचे पाकीट सोबत ठेवावे.