वाकड्या शिंगाचं सांबर दिसलं तर

अरे भावा, खानापूरकडच्या जंगलात वाकड्या शिंगाचं सांबर दिसलं म्हणालास, तर लगेच रोग रोग म्हणून फोटो फिरवू नकोस, आधी नीट बघ. शिंगं दरवर्षी गळून नवीन येतात आणि वाढताना वर मखमली कातडी असते, त्या दिवसांत मार लागला तर शिंग वेडंवाकडं येतं पण पुढच्या वर्षी बहुतेक सरळ होतं, मुळाच्या हाडालाच दुखापत असली तर मात्र खोट कायम राहते. मागच्या पायाला जबर इजा असली तर बऱ्याचदा उलट्या बाजूचं शिंग बिघडतं, म्हणून पायसुद्धा बघ की.

वृषणाला इजा झाली किंवा ते खाली उतरलेच नाहीत तर टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन कमी पडतं, मग मखमल सुटतच नाही, शिंगावर गाठी वाढत जातात. अमेरिकेत असल्या नराला कॅक्टस बक म्हणतात. उलट मादीत हे हार्मोन वाढलं तर क्वचित तिलाही शिंगं येतात, रेनडिअरच्या माद्यांना तर ती असतातच.

पण असं काही चितळाच्या नरात दिसलं तर लक्षात ठेव, चितळात सगळ्या नरांची शिंगं एकाच वेळी गळत नाहीत, त्यामुळे एकदाच मखमल बघून ती सुटत नाही असं ठरवायचं नाही, चार-पाच महिन्यांनी तोच नर परत बघायचा. आणि पडलेलं शिंग दिसलं तर फोटो काढ, उचलू नको हं, 1972 च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे तो.