बाटली तीच, मग सूर उलटे का?

प्रश्न: लेक पाचवीत आहे, तिला शाळेच्या प्रदर्शनासाठी बाटल्यांचं जलतरंग करायचंय. सरबताच्या काचेच्या बाटल्यांत कमीजास्त पाणी भरलं, चमच्यानं वाजवलं तर ज्यात पाणी जास्त तिचा आवाज जाड. मग तिनं सहज फुंकून बघितलं तर तीच बाटली सगळ्यात बारीक आवाजात वाजली! शिवाय रिकाम्या बाटलीचा सूर सा धरून वरच्या सा साठी बाटली बरोब्बर अर्धी भरली, फुंकली, तर भलताच सूर. कुठे चुकतंय? (एक आई, सांगली)

उत्तर: अहो, काहीच चुकलेलं नाहीये, उलट प्रदर्शनात हेच मांडा. चमचा मारला की थरथरते ती काच, आणि पाणी काचेला चिकटून असल्यामुळे तिला ते ओझं सोबत घेऊन हलावं लागतं, म्हणून कंपनं मंदावतात आणि सूर उतरतो. खऱ्या जलतरंगाच्या चिनी मातीच्या वाट्यांतही हेच होतं, पाणी वाढवलं की सूर खाली. फुंकताना मात्र काच गप्प असते, वाजते ती आतली हवा. पटत नसेल तर लेकीला सांगा, चमच्यानं वाजवलेली बाटली लगेच हातानं घट्ट धर, आवाज तिथल्या तिथे मरेल. फुंकताना कितीही घट्ट धर, काही फरक पडत नाही.

आता अर्ध्या बाटलीचं. टेस्ट ट्यूबसारखी सरळ नळी असती तर हवेची उंची अर्धी केल्यावर कंपनं साधारण दुप्पट झाली असती, म्हणजे वरचा सा. पण बाटलीला मान असते ना! मानेतली हवा म्हणजे वजन आणि पोटातली हवा म्हणजे त्याखालची स्प्रिंग, असं समजा, मानेतली हवा त्या स्प्रिंगवर वरखाली नाचते. पोटात हवा कमी उरली की स्प्रिंग कडक होते आणि सूर चढतो, पण हा हिशोब वर्गमुळाचा आहे, त्यामुळे हवा निम्मी केली तर कंपनं 2 नाही, 1.41 पट होतात, आणि 1.41 म्हणजे जवळजवळ तीव्र मध्यम. तुमच्या लेकीचा 'भलताच सूर' हाच! वरच्या सा साठी हवा पाव उरायला हवी. समजा मानेच्या खाली 720 मिली पाणी मावतं, तर 400 मिली ओतल्यावर पंचम आणि 540 मिलीला वरचा सा. हा झाला कागदावरचा हिशोब, शेवटचे दोन-चार चमचे कानानंच ठरवायचे. आणि सगळ्या बाटल्या एकाच मापाच्या घ्या, नाहीतर गणित बोंबलतं.

प्रश्न: कागदी स्ट्रॉची पिपाणी करतोय, नुसती हवा जाते, वाजत नाही. (इयत्ता सातवी, चिपळूण)

उत्तर: एक टोक दोन सेंटीमीटरपर्यंत चांगलं चपटं कर आणि दोन्ही कोपरे तिरके काप. सनईच्या पत्तीसारख्या दोन जिभा झाल्या पाहिजेत, त्या फटाफट उघडतात-मिटतात तेव्हाच आवाज येतो. जिभा ओठांत दाबू नकोस, सगळ्या तोंडाच्या आत घे आणि जोरात फुंक. वाजायला लागली की दुसऱ्या टोकाकडून कात्रीनं थोडी थोडी कापत जा, सूर चढत जाईल. कागद ओला झाला की मात्र पिपाणी गेली, तेव्हा चार-पाच स्ट्रॉ जवळ ठेव. गाजराची पुंगी निदान मोडून खाता तरी येते!