क्युव्हेटमध्ये बदलतं, मग एक्स-रेला का दिसत नाही?

प्रश्न: आमच्याकडे अझोबेंझीन (उजेडाने आकार बदलणारा भाग) जोडलेला साबणासारखा रेणू आहे, पाण्यात त्याचे मायसेल (रेणूंचे छोटे पुंजके) होतात. 365 नॅनोमीटरचा एलईडी मारला की क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रम मोजायच्या छोट्या पारदर्शक पात्रात) स्पेक्ट्रम लगेच बदलतो, पण तोच एलईडी सॅक्सला (एक्स-रे कसे विखुरतात त्यावरून मायसेलचा आकार काढायच्या मोजणीत) मारला तर कर्व्ह जवळपास जसाच्या तसा. इंदूरला इंडस-2 वर (तेजस्वी एक्स-रे देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर) बीमटाइम, म्हणजे मोजणीची वेळ, मिळालाय आणि आता टेन्शन आलंय. रेणू खराब झाला असेल का?
– पीएचडी विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: रेणूला लगेच दोष देऊ नका हो, आधी कॉन्सन्ट्रेशन बघा. स्पेक्ट्रमसाठी सॅम्पल अगदी पातळ घेतो, सॅक्सला मात्र सिग्नल मिळावा म्हणून दाट घ्यावं लागतं, आणि घोळ तिथेच होतो. समजा 365 ला रेणूचा शोषणगुणांक (तो उजेड किती जोरात शोषतो त्याचा आकडा) 5000 आहे आणि सॅम्पल 10 मिलिमोलर, तर 90 टक्के उजेड पहिल्या 0.2 मिलिमीटरमध्येच संपतो. तुमची कॅपिलरी (सॅम्पल भरायची बारीक नळी) 1 मिलिमीटरची असेल तर मागचे रेणू अंधारातच बसलेत, पण एक्स-रे आरपार जातो, तो बदललेले न बदललेले सगळे एकत्र मोजतो, मग फरक दिसणार कसा?

पातळ कॅपिलरी घ्या किंवा सॅम्पल पंपाने फिरवत ठेवा. नुसतं थांबूनही काम होतं, कारण सिस रूप (उजेडाने बदललेलं, वाकलेलं रूप) 365 ला कमी शोषतं, त्यामुळे पुढचा थर बदलला की उजेड हळूहळू आत सरकतो, फक्त क्युव्हेटसारखं झटपट होत नाही.

आणि खिडकी कशाची आहे? कॅप्टॉन असेल तर संपलंच, ती पिवळी-नारिंगी फिल्म यूव्ही आत येऊच देत नाही, एक्स-रेला छान चालते म्हणून लोक सवयीने लावतात आणि अख्खा दिवस वाया जातो, मला फार वाईट वाटतं असं बघून. क्वार्ट्झची कॅपिलरी वापरा.

फरक दिसला तरी तो उजेडाचाच आहे हे तपासा. एलईडी जवळ असला की सॅम्पल तापतं आणि मायसेल तापमानानेही बदलतात. म्हणून एलईडी बंद करून 5 मिनिटांनी परत मोजा, तापल्यामुळे असेल तर फरक जाईल, साध्या अझोबेंझीनचं सिस रूप अंधारात बरेच तास टिकतं त्यामुळे ते असेल तर राहील, मग 450 च्या निळ्या उजेडाने परत आणून बघा. एक रन एलईडी न लावता, तेवढ्याच एक्स-रे डोसवर जरूर घ्या, एक्स-रेनेच सॅम्पल बिघडत नाही ना हे त्यातून कळेल.

हे सगळं इंदूरला जायच्या आधी आपल्या लॅबच्या मशीनवर करून घ्या, बीमटाइमचे तास फार मोलाचे असतात.