क्रूझवरील खाण्यापिण्याचे जादा बिल कसे टाळावे?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सहा जण दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जाणार आहोत. सहलीच्या पत्रकात ‘जेवणखाण समाविष्ट’ असे छापलेले आहे. परंतु आमच्या परिचयातील एक कुटुंब अशाच सफरीवरून परतले, तेव्हा उतरण्याच्या दिवशी त्यांच्या हाती खाण्यापिण्याचे मोठे बिल पडले. वेगळे पैसे नेमके कशाचे पडतात आणि ते आधी कसे ओळखावेत?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : आपल्या परिचितांची फसवणूकच झाली असेल असे नाही, बहुधा त्यांना जहाजावरील व्यवहाराची रीत कोणी समजावून सांगितली नसावी. तिकिटाच्या रकमेत सर्वसाधारणपणे दोनच ठिकाणचे जेवण धरलेले असते : मुख्य भोजनगृह आणि बुफे. तेथे सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत कितीही खाल्ले तरी जादा पैसे पडत नाहीत, आणि साधे पाणी, चहा, यंत्रातील साधी कॉफी व न्याहारीच्या वेळचा रस हेही बहुतेक जहाजांवर त्यातच मिळते. याच जहाजावर जपानी, इटालियन किंवा ग्रिल पदार्थांची काही खास रेस्टॉरंट असतात. तेथे माणशी ठरावीक रक्कम किंवा प्रत्येक पदार्थाची वेगळी किंमत आकारली जाते. या रेस्टॉरंटचे दरवाजे मुख्य भोजनगृहाच्या शेजारीच असू शकतात आणि कर्मचारी तितक्याच अगत्याने आत बोलावतात, म्हणून बसण्यापूर्वी ‘हे तिकिटात आहे का?’ एवढे विचारण्यास कोणताही संकोच बाळगू नये.

जेवणापेक्षा पेयांचा खर्च अधिक नकळत वाढतो. शीतपेये, बाटलीबंद पाणी, ताज्या फळांचे रस, मॉकटेल, कॅपुचिनोसारखी कॉफी आणि अर्थातच मद्य यांचे पैसे बहुतेक कंपन्या वेगळे घेतात. जहाज बंदर सोडते त्या संध्याकाळी वरच्या डेकवर संगीत सुरू असते आणि वाढपी रंगीत पेयांनी भरलेले ट्रे घेऊन फिरत असतात. आपल्याकडे पंगतीत वाढप्याने आणलेले नाकारू नये अशी रीत आहे आणि त्याच सवयीने आपली माणसे तो ग्लास स्वागताचा समजून उचलतात. पुष्कळदा तो ग्लास आठवण म्हणून घरी नेता येतो, परंतु त्याचीही किंमत त्या पेयात मिळवलेली असते. सहा जणांनी एकेक ग्लास उचलला, तर पहिल्याच संध्याकाळी सहा नोंदी खात्यावर चढतात.

हे सारे लक्षात न येण्याचे मुख्य कारण म्हणजे जहाजावर रोख पैसे जवळजवळ चालत नाहीत. चढताना आपले क्रेडिट कार्ड नोंदवून घेतले जाते किंवा काही रक्कम अनामत ठेवली जाते, आणि पुढे खोली उघडण्याचे कार्डच पैशांच्या जागी वापरले जाते. खिशातून नोट जात नसल्याने खर्चाची जाणीव होत नाही. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला आग्रहाने सांगतो की, कार्ड वाढप्याच्या हाती देण्यापूर्वी किंमत विचारावी, सही करण्यापूर्वी पावती वाचावी आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी आपले खाते पाहावे. खोलीतील दूरचित्रवाणीवर, कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा स्वागतकक्षात ते विनामूल्य पाहता येते. नातवंडांच्या कार्डांवरून खरेदीची सोय बंद करण्याची विनंती पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात करावी, कारण आइस्क्रीमच्या काही प्रकारांचे पैसे पडतात आणि मुलांना तो फरक कळत नाही.

यापुढची बाब सेवाशुल्काची. पेयांच्या आणि खास रेस्टॉरंटच्या किमतीवर अनेक कंपन्या १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप मिळवतात, त्यामुळे यादीत १० डॉलर छापलेले पेय प्रत्यक्षात १२ डॉलरच्या आसपास पडते. पावतीवर टिपेसाठी आणखी एक रिकामी ओळ असते. शुल्क आधीच लागलेले असल्यास ती भरण्याचे बंधन नसते. याखेरीज माणशी, दर रात्रीमागे वेगळी ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिशी, लागते. ती तिकिटात भरली आहे की जहाजावर भरावयाची आहे, हे प्रवास कंपनीकडून लेखी घ्यावे. सहा जणांचे चार रात्रींचे हे शुल्क ही लहान रक्कम नव्हे.

खोलीत मागवलेले खाणे सर्वत्र विनामूल्य असते असाही समज आहे. परंतु रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०१७ पासून खोलीतील बहुतेक खाण्यावर शुल्क लावले आणि केवळ साधी न्याहारी त्यातून वगळली. इतरही काही कंपन्यांनी तोच मार्ग धरला आहे. खोलीतील छोट्या फ्रीजमधील बाटल्या आणि मेजावर मांडून ठेवलेले पाणी यांची दरपत्रिका शेजारी असते, ती न वाचता झाकण उघडू नये.

पाण्याबद्दल आपल्याकडे विशेष काळजी असते, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या भागातील माणसाला ती असणे स्वाभाविक आहे. मोठ्या जहाजांवर समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून पिण्यायोग्य पाणी तयार केले जाते किंवा ते बंदरावरून तपासून भरले जाते. बुफेतील पाण्याच्या यंत्रातून ग्लास भरून तो आपल्या रिकाम्या बाटलीत ओतावा. बाटलीचे तोंड नळाला लावू नये, कारण पोटाचे संसर्ग जहाजावर झपाट्याने पसरतात. बंदरावर उतरताना दारापाशीच पाण्याच्या बाटल्या विकण्यास ठेवलेल्या असतात, तेव्हा आपली बाटली भरूनच निघावे. त्या दिवशी बाहेर खाल्लेले आपल्या खर्चाचे, परंतु जहाज बंदरात उभे असतानाही बुफे सहसा सुरू असतो. दुपारी परतणे शक्य असेल तर जेवण तेथेच करता येते.

बिल अमेरिकी डॉलरमध्ये किंवा सिंगापूर डॉलरमध्ये येईल. भारतीय क्रेडिट कार्डावर अशा रकमेसाठी बँक साधारणतः २ ते ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी लावते. ‘रुपयांत भरता का?’ असे विचारल्यास नकार द्यावा, कारण रूपांतराचा तो दर बहुधा महाग पडतो. डेबिट कार्ड नोंदवल्यास अडवलेली रक्कम सफर संपल्यावरही काही दिवस मोकळी होत नाही, म्हणून शक्यतो क्रेडिट कार्डच द्यावे.

एखादी नोंद चुकीची वाटली तर शेवटच्या सकाळची वाट पाहू नये. त्या वेळी स्वागतकक्षासमोर लांब रांग असते आणि उतरण्याची घाई असते. पावत्या जपून ठेवाव्यात आणि आदल्या रात्रीपर्यंत तक्रार निकाली काढावी. प्रवास कंपनीने लेखी दिलेले आश्वासन पाळले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी आपल्याला जळगावात दाद मागता येईल. यासाठीच पत्रकातील त्या एका ओळीवर न थांबता, कोणते भोजनगृह, कोणती पेये आणि कोणते शुल्क समाविष्ट आहे, हे पैसे भरण्यापूर्वी ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

प्रश्न : आमचा एजंट पेयांचे पॅकेज आधीच घेण्याचा आग्रह करीत आहे. यजमान कधीमधी थोडे मद्य घेतात, मी मुळीच घेत नाही. पॅकेज फायद्याचे ठरेल का?
– एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून मला ते फायद्याचे वाटत नाही. समजा, पॅकेज दिवसाला ६० डॉलरचे आणि त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे ७०.८० डॉलर. एक पेय १२ डॉलरचे धरले, तर सेवाशुल्कासह ते १४.१६ डॉलरला पडते. अर्थात आपल्या यजमानांनी रोज पाच पेये घेतली तरच जेमतेम बरोबरी होईल, आणि पॅकेज संपूर्ण सफरीचे घ्यावे लागत असल्याने ज्या दिवशी आपण बंदरावर फिरत असाल त्याही दिवसाचे पैसे जातील. शिवाय अनेक कंपन्यांचा नियम असा आहे की, एका खोलीतील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर दुसऱ्यानेही घेतले पाहिजे. तसे झाल्यास न पिणाऱ्या आपल्यासाठीही तितकीच रक्कम भरावी लागेल. एकाच्या पॅकेजवर दुसऱ्याला पेय देण्यास बंदी असते. एजंटला या नियमाविषयी स्पष्ट विचारावे आणि यजमानांनी लागेल तेव्हा एखादे पेय सुटे विकत घ्यावे. मुलांना शीतपेयांची फार आवड असेल तर केवळ शीतपेयांचे स्वस्त पॅकेज मिळते, परंतु तेही घेण्यापूर्वी असाच हिशेब मांडून पाहावा.

प्रश्न : मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझवर आईसाठी कळण्याची भाकरी, शेव, चटणी आणि पाणी तापवण्याची विजेची किटली नेता येईल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : घरी शिजवलेले अन्न बहुतेक कंपन्या जहाजावर नेऊ देत नाहीत, त्यामुळे भाकरी नेण्याचा विचार सोडावा. कारखान्यात बंद केलेल्या पाकिटातील शेव किंवा कोरडी चटणी थोड्या प्रमाणात चालते. तरीही आपल्या कंपनीची नियमावली आधी पाहावी. विजेची किटली आणि पाणी तापवण्याचा रॉड आगीच्या धोक्यामुळे निषिद्ध असतात आणि सामानाच्या तपासणीत काढून घेतले जातात. गरम पाणी बुफेत विनामूल्य मिळते. आईंचे पथ्य नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे आणि जहाजावर चढताच मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखांना भेटून पुन्हा सांगावे. वरण, भात, दही असे साधे जेवण किंवा जैन पद्धतीचे जेवण आधी कळवल्यास सहसा जादा पैसे न घेता दिले जाते. पथ्य आजारामुळे असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी.