वडील रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात, वयामुळेच ना?

तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "साठी उलटली की व्हायचंच." हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे ते दोन वर्षं चाललं. म्हणणारा माझा थोरला भाऊ.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा ६७ वर्षांचे. आधी रात्री एकदा उठायचे, मग तीनदा. बाथरूममध्ये गेले की दहा मिनिटं बाहेर नाहीत. नळ सोडून ठेवायचे, पाण्याच्या आवाजाने धार सुटते म्हणून. एसटीने जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. पांढरा पायजमा सोडून गडद पँट घालायला लागले, तेव्हा मी दादाला फोन केला. "तू नेटवर वाचून सगळ्यांना आजारी पाडतेस. जवाचं पाणी दे." दिलं. धने-जिरं, वाळा, गोखरू, सगळं दिलं. म्हणजे ज्याची वाट तुंबलीय त्याला लघवी वाढवणारी पाणी पाजत होतो आम्ही!

मग कराडला मामेबहिणीचं लग्न. अण्णांना सर्दी झालेली, दादाने मेडिकलमधून नाक मोकळं करायची गोळी आणून दिली. रात्री दोनला अण्णा कार्यालयाच्या मागे भिंत धरून उभे. ओटीपोट टणक, थेंब उतरत नाही, घामाने निथळलेले. दवाखान्यात नळी घातल्यावर पिशवीत सव्वा लिटर आलं. एरवी अर्ध्या लिटरलाच माणूस धावत सुटतो. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, सर्दीची गोळी घेतली का? तिने मूत्राशयाचं तोंड आवळतं. दादा आजही सांगत फिरतो की गोळीने घात केला. गोळी निमित्त झाली रे बाबा. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, ७० ग्रॅम निघाली, असते २०-२५. क्रिएटिनिनही (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) चढलेलं, ते नशिबाने उतरलं. पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

तर, दाखवा. डॉक्टरकडे जाण्याआधी तीन दिवस लघवी मापाच्या मगात मोजून वेळेसकट लिहून ठेवा. दर वेळी भरपूर आणि दिवसाचं तीन लिटरच्या वर जात असेल तर आधी साखर तपासा. थोडी-थोडी, बारीक धारेने, अर्धवट वाटणारी असेल तर युरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या विकारांचे डॉक्टर. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही बघायला सांगा. पूर्ण अडली, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. रक्त एकदाच दिसलं आणि दुखलं नाही, तरी जायचंच, तंबाखू-विडी असेल तर नक्कीच. (आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, एवढं आठवून बघा.)

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. आणि रात्री उठणारा प्रत्येक जण प्रोस्टेटचाच असतो असंही नाही. झोपताना चहा, संध्याकाळी घेतलेली बीपीची लघवीची गोळी, पायावरची सूज, यांनीही उठावं लागतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका. बायकांचं उन्हाळी लागणं (लघवीला जळजळ) हा वेगळा विषय, त्यावर कोणी विचारलं तर लिहीन.

वडील "मला काही होत नाही" म्हणतील. अण्णाही म्हणायचे. दादा आता ५४ चा आहे. दिवाळीत आला होता, रात्री तीनदा बाथरूमचा दिवा लागला आणि नळ बराच वेळ वाहत होता. सकाळी विचारलं तर म्हणाला, "थंडीमुळे."